योजनांची सांगड, जनतेची परवड

कझाकस्तान, किरगिझस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि उझबेकिस्तान या मध्य आशियातील पाच देशांत मदत देणाऱ्यांची आज रांग लागली आहे. आशियाई विकास बँकेच्या पुढाकाराने २००१ साली 'मध्य आशिया प्रादेशिक आर्थिक सहकार्य' हा कार्यक्रम सुरू झाला. 'कारेक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कार्यक्रमात चीन, पाकिस्तान, अफगाणिस्तान यांच्यासह ११ देश आहेत आणि आजवर ४० अब्ज डॉलरहून अधिक रकमेची कामे त्यातून हाती घेण्यात आली. त्याखेरीज जागतिक बँक आहे, चीनची एक्झिम बँक आहे, युरोपीय संघ आहे. या सर्वांच्या तोंडी एकच मंत्र आहे. प्रादेशिक प्रकल्प आणि प्रत्येक देशाचा राष्ट्रीय मदत कार्यक्रम यांची सांगड घाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये दुशान्बे येथे 'कारेक २०३०' हे धोरण मंजूर झाले, त्यातही सदस्य देशांच्या राष्ट्रीय योजनांशी मेळ राखण्यावर भर देण्यात आला.

मंत्र चांगला आहे. त्याला आमचा विरोध नाही. परंतु सांगड घालताना 'राष्ट्र' म्हणजे कोण, हा प्रश्न कोणी विचारायचा? राष्ट्र म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा महाल की कापसाच्या शेतात राबणारी बाई? बँकेचा प्रकल्प सरकारच्या योजनेशी जुळला आणि सरकारची योजनाच जनतेच्या मुळावर उठलेली असेल, तर त्या सांगडीचे फळ कोणाच्या पदरात पडते? आमच्या मते खरा प्रश्न हा आहे आणि मदत देणाऱ्यांच्या बैठकांत नेमका तोच टाळला जातो.

मध्य आशियाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे आणि नवाही आहे. ताजिकिस्तानातील अजिना तेपे येथे १९६६ साली तथागतांची महापरिनिर्वाण अवस्थेतील सुमारे १३ मीटर लांबीची मूर्ती सापडली. ती आज दुशान्बेच्या संग्रहालयात आहे. उझबेकिस्तानातील तेरमेझजवळ फयाज तेपे आणि कारा तेपे येथे कुशाण काळातील बौद्ध विहारांचे अवशेष आहेत. सातव्या शतकात ह्युएन त्संग याच वाटेने भारतात आला. हा झाला इतिहास. वर्तमान असे की, आशियाई विकास बँकेत भारताचे भांडवल आहे आणि तो तिच्या मोठ्या भागधारकांपैकी एक आहे. म्हणजे या कर्जांच्या बऱ्यावाईटात आपल्याही देशाचा वाटा आहे. तिसराही एक धागा आहे, तो थेट नर्मदेच्या काठी बांधलेला आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, मध्य आशियात देशादेशांच्या योजनांची सांगड घालण्याची गरज खरी आहे. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांवर हा सारा प्रदेश जगतो. नद्यांचा उगम किरगिझस्तान-ताजिकिस्तानच्या डोंगरात आणि त्यांचे पाणी पिणारी शेते उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान व कझाकस्तानच्या मैदानात. सोव्हिएत राजवटीत हिशेब सरळ होता. किरगिझस्तानने तोक्तोगुल धरणाचे पाणी हिवाळ्यात राखायचे आणि उन्हाळ्यात खालच्या कापसासाठी सोडायचे. बदल्यात खालच्या प्रजासत्ताकांनी हिवाळ्यात वरच्यांना कोळसा आणि वायू द्यायचा. १९९१ साली पाच स्वतंत्र देश झाले आणि हा व्यवहार मोडला. खालच्यांनी इंधनाला बाजारभाव मागितला. वरच्यांकडे पैसा नव्हता. थंडीत कुडकुडणाऱ्या जनतेसाठी त्यांनी हिवाळ्यातच धरण सोडून वीज केली. परिणामी हिवाळ्यात खाली पूर येऊ लागले आणि उन्हाळ्यात शेते कोरडी पडू लागली. फेब्रुवारी १९९२ मध्ये अल्माटी येथे पाच देशांनी पाणीवाटपाचा करार केला, १९९८ मध्ये सिर दर्यासाठी वेगळा करार झाला. पण कागदावरची शाई कोरड्या कालव्याला ओल देत नाही.

त्याची किंमत कोणी मोजली? राजधानीत बसलेल्यांनी नव्हे. २००७-०८ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात ताजिकिस्तानातील गावे विजेविना गारठली. एप्रिल २०२१ आणि सप्टेंबर २०२२ मध्ये किरगिझ-ताजिक सीमेवर पाणी आणि जमिनीच्या वादातून रक्त सांडले, लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. त्या सीमेचा करार व्हायला मार्च २०२५ उजाडावा लागला. तेव्हा प्रत्येक देशाने आपापल्यापुरते धरण, आपापल्यापुरता कालवा असा कारभार केला, तर मरण गरिबाचेच आहे, हे उघड आहे.

मग सांगड घालण्याचे सूत्र काय असावे? मार्च २००५ मध्ये पॅरिस येथे अनेक देशांनी मदतीच्या परिणामकारकतेचा जाहीरनामा मान्य केला. किरगिझस्तान आणि ताजिकिस्तानही त्यात आहेत. मदत घेणाऱ्या देशाने आपली योजना स्वतः ठरवावी, देणाऱ्यांनी आपला पैसा त्या योजनेशी जुळवून घ्यावा, आपसांत मेळ राखावा, फळावर नजर ठेवावी आणि दोघांनी एकमेकांना जाब द्यावा, अशी त्याची पाच तत्त्वे. वाचायला सुंदर! सावकाराने आपली मर्जी लादू नये, हा त्यातला विचार आम्हाला मान्यच आहे. उणीव एकच राहिली. देणारा आणि घेणारे सरकार यांनी एकमेकांना जाब द्यायचा, असे ठरले. ज्याच्या नावाने पैसा आला त्या माणसाला जाब विचारण्याचा हक्क कोणी द्यायचा, हे मात्र सरकारांच्या मर्जीवर राहिले. जिथे एकच माणूस १९९२ पासून सत्तेवर आहे, जिथे वृत्तपत्रांचा गळा आवळलेला आहे, जिथे स्वतंत्र कामगार संघटनेला जागा नाही, तिथे 'राष्ट्रीय योजना' म्हणजे सत्ताधाऱ्यांची योजना. तिच्याशी सांगड म्हणजे सत्ताधाऱ्यांशी सांगड.

उदाहरण उझबेकिस्तानच्या कापसाचे घ्या. ताश्कंदहून उद्दिष्ट ठरायचे, जिल्ह्याच्या हाकिमाने ते पुरे करायचे आणि वेचणीच्या हंगामात शिक्षक, परिचारिका, डॉक्टर, विद्यार्थी यांना सक्तीने शेतात पाठवायचे, अशी ती पद्धत होती. अनेक वर्षे शाळकरी मुलेही त्यातून सुटली नाहीत. ही सरळसरळ वेठबिगार होती. वतनाच्या नावाखाली गावकी-सरकारी कामे फुकट करणाऱ्या आमच्या बापजाद्यांना तिची चव ठाऊक आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक मांडताना बाबासाहेब याच गुलामीविरुद्ध उभे ठाकले होते आणि पुढे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीवर बंदी घातली. अशा देशातील शेती व सिंचनाच्या प्रकल्पांना जागतिक बँक पैसा देत होती आणि ते प्रकल्प 'राष्ट्रीय प्राधान्यक्रमाशी' पुरेपूर जुळलेले होते! २०१४ साली दक्षिण कराकल्पकस्तानातील सिंचन प्रकल्पाला कर्ज देताना बँकेने सक्तीच्या श्रमाविरुद्ध अट घातली. तरीही त्याच प्रकल्पक्षेत्रात सक्तीची वेचणी चालू असल्याचे 'ह्यूमन राइट्स वॉच'ने २०१७ च्या अहवालात दाखवून दिले.

ही गुलामी मोडली कोणी? उझबेक कार्यकर्त्यांनी धोका पत्करून पुरावे गोळा केले. २०१३ साली जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार गेली. शेकडो कपडा कंपन्यांनी उझबेक कापसावर बहिष्कार टाकला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची देखरेख आली. सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मिर्झियोयेव यांना संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर सक्तीच्या श्रमाचा उल्लेख करावा लागला. २०२० मध्ये कापसाचा सरकारी कोटा रद्द झाला, २०२१ च्या हंगामात सरसकट सक्ती संपल्याचे श्रम संघटनेने सांगितले आणि मार्च २०२२ मध्ये बहिष्कार मागे घेण्यात आला. मिर्झियोयेव सरकारने पाऊल उचलले, याचे श्रेय त्याला द्यावे. परंतु मदतीच्या पैशाला माणुसकीची अट जोडली गेली ती बँकांना आपसूक सुचली म्हणून नव्हे. खालच्या माणसाचा आवाज वरपर्यंत नेला गेला म्हणून.

दुसरे उदाहरण किरगिझस्तानची राजधानी बिश्केकचे. तेथील जुन्या औष्णिक वीजकेंद्राच्या नूतनीकरणासाठी चीनच्या एक्झिम बँकेकडून ३८ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज घेण्यात आले. काम चिनी कंपनीला देण्यात आले. राष्ट्रीय गरज होती, प्रादेशिक मैत्री होती, सांगडही होती! जानेवारी २०१८ मध्ये ऐन कडाक्याच्या थंडीत हेच केंद्र बंद पडले आणि शहर गारठले. मग चौकशी झाली, तेव्हा एकेक पक्कड ३२० डॉलरला खरेदी केल्याचे हिशेब बाहेर आले. डिसेंबर २०१९ मध्ये बिश्केकच्या न्यायालयाने दोन माजी पंतप्रधानांना दोषी ठरवले. कर्ज मात्र जनतेच्याच डोक्यावर राहिले. शेजारच्या ताजिकिस्तानात दुशान्बेच्या वीजकेंद्राच्या मोबदल्यात २०१८ मध्ये चिनी कंपनीला सोन्याच्या खाणीचा परवाना मिळाला. मदत म्हणून आलेली वस्तू अशी जमिनीखालचे सोने घेऊन परत जाते.

तिसरे आणि सर्वांत मोठे उदाहरण ताजिकिस्तानातील रोगुन धरणाचे. १९७६ मध्ये सोव्हिएत काळात सुरू झालेले, मध्ये रखडलेले हे धरण पूर्ण झाल्यावर ३३५ मीटर उंच, म्हणजे जगातील सर्वांत उंच धरण ठरणार आहे. थंडीत अंधारात राहिलेल्या देशाला वीज हवी, यात वाद नाही. पण ती कशी उभी राहिली पाहा. जानेवारी २०१० मध्ये सरकारने धरणाचे समभाग जनतेला विकायला काढले. शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी यांच्यावर खरेदीसाठी दडपण आल्याच्या तक्रारी झाल्या. जगातील गरीब देशांत गणल्या जाणाऱ्या या देशातील लोकांच्या खिशातून १८ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम काढली गेली आणि नाणेनिधीने काळजी व्यक्त केल्यावर ही मोहीम थांबली. 'ह्यूमन राइट्स वॉच'च्या २०१४ च्या अहवालानुसार या धरणासाठी सुमारे ४२ हजार लोकांना हलवायचे होते. ज्यांना हलवले त्यांची घरे, जमीन, उपजीविका यांबाबतची कैफियतही त्या अहवालात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला ३५ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. आणि २०२५ मध्ये उझबेकिस्तान व तुर्कमेनिस्तानातील अमू दर्याच्या खालच्या काठावरील लोकांच्या वतीने तपासणी पॅनेलकडे तक्रार दाखल झाली. पाणी अडले तर आमचे काय, हा त्यांचा प्रश्न. एका देशाची राष्ट्रीय योजना, अनेक देशांची नदी आणि त्या देशांतल्या गरिबांना विचारलेलेच नाही!

येथे नर्मदेचा धागा येतो. उझबेक कापूस वेचणाऱ्यांच्या आणि अमू दर्याकाठच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी ज्या पॅनेलकडे गेल्या, ते पॅनेल कोणामुळे जन्माला आले? सरदार सरोवराला जागतिक बँकेने १९८५ मध्ये कर्ज दिले. मणिबेलीसारख्या अक्कलकुवा तालुक्यातील गावांचे आदिवासी, मध्य प्रदेश-गुजरातचे धरणग्रस्त त्याविरुद्ध उभे राहिले. बँकेला मोर्स समिती नेमावी लागली, समितीने १९९२ मध्ये बँकेच्या कारभारावर कडक ठपका ठेवला, मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने तपासणी पॅनेल स्थापन केले. आशियाई विकास बँकेनेही पुढे २००३ मध्ये आपली उत्तरदायित्व यंत्रणा उभारली. धरण झाले, गावे बुडाली. पण सातपुड्यातल्या आदिवासींनी जगभरच्या विस्थापितांना तक्रारीची एक खिडकी मिळवून दिली. आज त्याच खिडकीवर मध्य आशियातील माणूस उभा आहे. शोषितांचा लढा सीमा ओलांडतो तो असा.

सांगड चांगली बसली अशीही उदाहरणे आहेत आणि ती सांगितलीच पाहिजेत. कापसासाठी नद्या वळवल्याने १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला. कझाकस्तानने जागतिक बँकेच्या कर्जातून २००५ मध्ये कोक-अरलचा बांध पूर्ण केला, तेव्हा उत्तर अरलचे पाणी चढले, मासे परतले आणि अराल्स्कच्या कोळ्यांच्या चुली पुन्हा पेटल्या. प्रकल्प प्रादेशिक संकटाला धरून होता, देशाच्या योजनेत बसत होता आणि त्याचे फळ कोळ्याच्या जाळ्यात मोजता येत होते. 'कासा-१०००' या वीजवाहिनीचेही तसेच. किरगिझस्तान व ताजिकिस्तानची उन्हाळ्यातील १३०० मेगावॉट वीज अफगाणिस्तान-पाकिस्तानला नेण्याची ही योजना. ज्यांच्या डोक्यावरून तारा जाणार त्यांच्या घरात अंधार का, हा प्रश्न आला, म्हणून वाहिनीलगतच्या गावांसाठी स्वतंत्र सामुदायिक साहाय्य कार्यक्रम जोडण्यात आला. किरगिझस्तानात तो राबवणारी 'आरिस' ही संस्था २००३ पासून गावकऱ्यांकडून कामांची निवड करून घेत आली आहे. आधी शाळा दुरुस्त करायची की पाण्याची वाहिनी टाकायची, हे गाव ठरवते. आम्हाला अभिप्रेत असलेली सांगड ती हीच.

त्याच अरलच्या दक्षिण काठावर मात्र उलटे चित्र आहे. उझबेकिस्तानातील कराकल्पकस्तान हा आटलेल्या समुद्राचे मीठ आणि धूळ खाणारा प्रदेश. त्याच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये खास निधी सुरू केला. जुलै २०२२ मध्ये संविधानातील कराकल्पकस्तानचा सार्वभौम दर्जा काढण्याचा मसुदा आला, तेव्हा नुकूसमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि त्या दडपशाहीत सरकारी आकड्यानुसारच २१ जण मेले. मसुद्यातील तो बदल मागे घेतला गेला. आंदोलनाचे वकील असलेल्या नेत्याला मात्र जानेवारी २०२३ मध्ये १६ वर्षांची शिक्षा झाली. ज्या लोकांच्या नावाने मदत मागायची, त्यांनीच तोंड उघडले की गोळी घालायची! अशा ठिकाणी मदतीचा मेळ कोणाशी घालायचा, हे देणाऱ्यांनी आपल्या मनाला विचारावे.

देणाऱ्यांची लहरही कमी घातक नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ रोजी यूसेड ही संस्थाच बंद केली. अल्माटीतून चालणारे तिचे मध्य आशियातील काम एका सहीने थांबले. क्षयरोग्याच्या औषधाची सांगड वॉशिंग्टनच्या राजकारणाशी घातली की हेच होणार. म्हणून रोगी, शाळा आणि पाणी यांचा खर्च देशाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात बसला पाहिजे. बाहेरचा पैसा भर म्हणून यावा.

बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी हाताळला होता. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना दामोदर खोरे प्रकल्पाची पायाभरणी त्यांच्या कारकिर्दीत झाली. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत बंगाल आणि बिहार या दोन प्रांतांना एकत्र बसवून त्यांनी सांगितले की, नदी प्रांतांच्या सीमा मानत नाही; तिचा विचार संपूर्ण खोऱ्याचा म्हणून आणि पूर, सिंचन, वीज, जलवाहतूक या सर्व अंगांनी केला पाहिजे. प्रादेशिक प्रकल्पाला स्वतंत्र अधिकार असलेली यंत्रणा हवी, ही त्यांची भूमिका. पुढे त्याच खोऱ्यातील धरणांनी विस्थापित झालेल्या आदिवासींना न्यायासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, कारण अंमलबजावणी करणाऱ्यांनी यंत्रणा घेतली आणि समतेचा विचार टाकून दिला. राजकीय समतेला सामाजिक-आर्थिक समतेची जोड नसेल तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल, हा २५ नोव्हेंबर १९४९ चा त्यांचा इशारा बिश्केक आणि दुशान्बेलाही तितकाच लागू आहे.

आणि आपल्या घरातले काय? अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना म्हणजेही सांगडच होती. राज्याच्या सर्वसाधारण योजनेतील वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात दलितांपर्यंत नेण्याची. तिचा पैसा २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेकडे वळवला गेला. २०२५ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याची तक्रार खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीरपणे केली. योजना कागदावर जुळतात आणि पैसा वाटेत वळतो, हा रोग ताश्कंदचा एकट्याचा नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रादेशिक प्रकल्पाची राष्ट्रीय कार्यक्रमाशी सांगड घालण्यापूर्वी तीन गोष्टी तपासल्या जाव्यात. ज्यांची जमीन, पाणी आणि श्रम प्रकल्पात जाणार त्यांना आधी विचारले काय? करार, कर्ज आणि खरेदीचे दर त्यांच्या भाषेत त्यांच्यासमोर ठेवले काय? आणि 'नाही' म्हणणाऱ्याला तुरुंगाची भीती न बाळगता तक्रार करता येईल काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत तोवर पैसा सोडू नये. आशियाई विकास बँकेचा भागधारक या नात्याने भारताच्या प्रतिनिधीने मनिलात हा आग्रह धरावा. ज्या देशाचे संविधान वेठबिगारीला गुन्हा ठरवते, त्याचे भांडवल दुसऱ्या देशातील वेठबिगारीवर पोसले जाता कामा नये.

मध्य आशियातील राज्यकर्ते एकमेकांना भेटू लागले आहेत. किरगिझस्तान, कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांनी जानेवारी २०२३ मध्ये कंबरअता-१ हा १८६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प एकत्र बांधण्याचा आराखडा मान्य केला. काल पाण्यासाठी युद्धाची भाषा करणारे आज एका धरणाचे भागीदार होत आहेत, याचे आम्ही स्वागत करतो. आता त्या भागीदारीत डोंगरातला मेंढपाळ, मैदानातली कापूस वेचणारी बाई आणि अरलकाठचा कोळी यांनाही बसायला जागा मिळाली पाहिजे. ती जागा मागण्याचे बळ त्यांनी संघटित होऊन मिळवावे. त्यांच्या त्या लढ्यात फुले-आंबेडकरी चळवळीची सहानुभूती त्यांच्या बाजूला आहे.